टेबलावरची छोटी बाग, आपल्या बेळगावच्या पावसात टिकणारी

आपल्याकडं कुंडीतलं झाड उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतं, हे मी आधीच सांगून टाकते. जूनला पाऊस लागला की टिळकवाडी काय, वडगाव काय, खानापूरकडं तर विचारूच नका, भिंतीसुद्धा ओल्या होतात आणि घरातल्या कुंडीतली माती आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि आपण मात्र उन्हाळ्यातल्या सवयीनं रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततोच. माझा पहिला जेड, म्हणजे जाड मांसल पानांचं छोटं झाड, असाच गेला. चिनी मातीचा सुंदर बाऊल होता, खाली भोक नव्हतं, दुकानदार म्हणाला तळाला खडे घाला म्हणजे काही होत नाही. श्रावणात पानं पिवळी पडून गळायला लागली, हात लावला तर खोड केळ्यासारखं मऊ. लई वाईट वाटलं, कारण फांदी आमच्या आज्जीच्या दारातल्या झाडाची होती.

त्या खड्यांचं आधी समजून घ्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत लगेच उतरत नाही, वरची माती पूर्ण गच्च भिजल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. म्हणजे खडे घातले की ओला थर उलट वर सरकतो, मुळांच्या जवळ. म्हणून भोक पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि भोकावर खापराचा एक तुकडा नाहीतर मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोन बास, माती वाहून जात नाही तेवढ्यानं.

भांडं मातीचंच घ्या, अंगातून पाणी सुकतं त्याच्या. खानापूरची मडकी, कौलं, विटा आपल्याला नवीन नाहीत, बाजारात मातीची पसरट थाळी मिळाली तर दहा-बारा इंच रुंद आणि निदान साडेतीन-चार इंच खोल बघून घ्या. भोक नसेल तर घरी पाडता येतं. थाळी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी उलटी करून खाली जाड टॉवेल, जिथं भोक पाडायचं तिथं सेलोटेप, आणि ड्रिलला दगडाचं बिट लावून हॅमर बंद ठेवून हळूहळू फिरवायचं, मधेमधे चमच्यानं पाणी सोडत. शेवटच्या दोन-तीन सुतांत हात अगदी हलका करा, तिथंच तडकतं. तीन भोकं पुरे. नंतर खाली बशी ठेवा, पण पाणी दिल्यावर अर्ध्या तासानं बशी ओतून टाकायची, बशीत पाणी तसंच ठेवलं तर भोक पाडून उपयोग काय.

आता माती. आपली तांबडी माती चांगली आहे, पण एकटी कुंडीत घातली तर वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते आणि पाणी कडेकडेनं निघून जातं, मुळाला मिळतच नाही. अथणी, गोकाककडं काळी माती असेल तर ती छोट्या थाळीत वापरूच नका, फुगते, भेगा पडतात. मी असं करते: एक वाटी चाळलेली तांबडी माती, एक वाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी जुनं गांडूळखत, आणि अर्धी वाटी भाताचं जाळलेलं काळं तूस. आपल्याकडं भात पिकतोय म्हटल्यावर तूस कुठंही मिळतंय की, राइस मिलवाल्याला सांगितलं तर पिशवीभर देतात. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की जवळजवळ अर्धी बादली होते, ती एकदा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, खारटपणा जातो. जेड, हावर्थिया असली मांसल पानांची झाडं लावणार असाल तर निम्मं मिश्रण आणि निम्मा विटेचा चुरा, हरभऱ्याएवढे तुकडे, धूळ चाळून काढलेली.

मिश्रण बरोबर झालंय का बघायचं असेल तर ओलं करून मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटानं ढोसलं की सुटला पाहिजे. सुटला नाही तर अजून तूस.

एका थाळीत तीन झाडं बास. पण तहान सारखी असलेलीच एकत्र लावा, फिटोनियाला सारखी ओल लागते आणि जेडला कोरडं, ती दोन शेजारी ठेवली की एक जाणारच. ओल आवडणाऱ्यांत मागं सिंगोनियम, मधे पेपेरोमिया, पुढं फिटोनिया. कोरड्यात मागं जेड, पुढं दोन हावर्थिया. घरात रांगणारं पोर असेल तर सिंगोनियम, मनी प्लांट, झीझी प्लांट खाली ठेवू नका, पान चावलं तर तोंडाची आग होते, त्याऐवजी स्पायडर प्लांट लावा. आणि खिडकीत ऊन येत असेल तर पानओवा एका कोपऱ्यात खोचून द्या, सर्दी झाली की काढ्याला दोन पानं होतात.

उजेडाचं आपल्याकडं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत ऊन पार टेबलापर्यंत येतं, पण मे ते जुलै दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, तेव्हा त्याच खिडकीत ऊन नसतं, वर ढगांचा अंधार. पावसाळ्यात थाळी पूर्वेच्या खिडकीत हलवा. पांढऱ्या कागदावर हात धरा, सावलीची कड जरा तरी दिसली तर झाडाला चालतं, सावलीच नाही तर जागा बदला.

पाणी दिवस मोजून देऊ नका. अगरबत्ती जळून उरलेली काडी थाळीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, माती चिकटून आली आणि काडी गार लागली तर थांबायचं. मांसल झाडांना काडी पूर्ण कोरडी आल्यावरच. जुलैमध्ये माझ्या जेडच्या थाळीला कधी कधी वीस-वीस दिवस पाणी नसतं. बोअरच्या पाण्यानं मातीच्या भांड्यावर पांढरी खरड येते, शक्य असेल तर पत्र्यावरनं पडणारं पावसाचं पाणी बादलीत धरा, पहिले दोन-तीन पाऊस सोडून.

बारीक काळी चिलटं उडायला लागली म्हणजे माती सतत ओली राहतेय, वरचा इंचभर थर वाळू द्या, पिवळा चिकट कार्ड लावा, औषध लागत नाही. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक पुसून काढा. निपाणीकडची माणसं तंबाखूचं पाणी मारायला सांगतात, पण घरात नको, ते माणसालाही विष आहे, आणि त्यातनं तंबाखूचा रोग मिरची-टोमॅटोच्या रोपांना लागू शकतो. त्याऐवजी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी फवारा.

गावाला जाणार असाल तर गणपतीत काळजी नाही, हवेतच ओल असते, एकदा पाणी देऊन निथळून सावलीत ठेवलं की आठवडा निघतो. मेच्या सुट्टीत मात्र ओल लागणाऱ्या थाळीशेजारी एका उंच पाटावर पाण्याची घागर ठेवा, सुती नाडा ओला करून एक टोक घागरीच्या तळाला आणि दुसरं मातीत दोन इंच खोल. निघायच्या आधी दोन दिवस लावून बघा, पाणी जास्त उतरत असेल तर बारीक नाडा घ्या.