आपल्या गावच्या स्टेशनचा इतिहास लिहायचाय? मग असं करा

बेळगावावरून जाणाऱ्या मिरज-लोंढा लाईनवर तुमचं गाव असलं, म्हणजे उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा, देसूर, खानापूर, गुंजी कुठलंबी, तर लिहायला बसल्याबसल्या कंपनीच्या तारखा मांडू नका. सदर्न मराठा रेल्वे 1882 ची, 1908 ला मद्रास रेल्वेत मिसळून एम अँड एसएम (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली, 1951 ला सदर्न, 1966 ला साउथ सेंट्रल, 2003 पासून हुबळीची साउथ वेस्टर्न. झालं, संपलं. गाडी आल्यावर गावात कोण काय करायचं ते मात्र कुठंच छापलेलं नाही, आणि तेच पाहिजे.

इंग्लंडातल्या खेड्यापाड्यात हौशी लोकांनी हे काम लई केलंय. 1963 ला तिथल्या सरकारी रेल्वेचा मुख्य बीचिंगसाहेब, त्याचा रिपोर्ट आला, 2,000 हून जास्त स्टेशनं बंद करा म्हणाला, लाईनी उखडल्या, स्टेशनांची घरं झाली, आणि लोक दुधाच्या कॅनपासून स्टेशनमास्तरच्या बागेपर्यंत सगळं लिहीत बसले. त्यांना एक सोय आहे, शंभर वर्षांनी जनगणनेचे कागद नावानिशी उघडतात, त्यामुळं कुठल्या घरात पोर्टर राहायचा ते सापडतं. आपल्याकडं ती सोय नाही. म्हणून गावच्या शाळेत जावा, हेडमास्तरांना विचारून जुनं जनरल रजिस्टर बघा, त्यात पालकाचा धंदा लिहिलेला असला तर गँगमन (रूळ दुरुस्त करणारा), पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलणारा), हमाल यांची पोरं कधी आली, कधी नाव काढून गेली ते हाती लागतं.

बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, 1884 चं, म्हणजे आपल्याकडं गाडी पळायच्या आधीचं. ते वाचाच. बाजार कुठं भरायचा, माल कुठल्या वाटेनं जायचा ते त्यात बघा आणि मग आजचा बाजार बघा, स्टेशननं गावाचं तोंड कुठं फिरवलं ते आपोआप कळतंय. बाकी जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखात, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात तिथं, शोधायचे, कारण 1956 पर्यंत जिल्हा मुंबई राज्याकडंच होता.

आता मेन काम, म्हाताऱ्या माणसांशी बोलणं. "रेल्वेबद्दल सांगा" म्हटलं की समोरचा गप्प होतो. त्यापेक्षा विचारा, "आज्जी, माहेराला कुठल्या गाडीनं जायचासा?" मग स्टेशनपर्यंत बैलगाडी का चालत, डोक्यावर काय असायचं, गाडी चुकली तर रात्र कुठं काढली, असं एकातून एक निघत जातंय. गाडीचा नंबर कोणी सांगणार नाही, सकाळची, दुपारची असंच सांगतील, तसंच लिहा, वेळापत्रकाला जुळवायच्या नादात मोडू नका. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांना मीटरगेज (अरुंद रुळांची लाईन) आठवतंय, ते नव्वदच्या दशकात गेलं. त्याआधी पुणे-मिरज ब्रॉडगेज (रुंद रुळांचं) झालेलं आणि इकडं अजून छोटी गाडी, म्हणजे मिरजेला सामान, पोरं, म्हातारी घेऊन गाडी बदलायची. हा प्रश्न हमखास विचारा, एकेक किस्सा निघतोय बघा. हमाल भेटला तर त्याला आधी.

बोलता बोलता ट्रंक उघडायला लावा. जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट सापडलं तर नंबर आणि तारखेचा ठसा मोबाईलच्या टॉर्चनं तिरका उजेड पाडून वाचा. ही तिकिटं शोधून काढली कुणी, तर थॉमस एडमन्डसन, 1836 ला इंग्लंडातल्या न्यूकॅसल-कार्लाइल लाईनवर मिल्टन नावाच्या खेड्यातल्या स्टेशनात मास्तर होता तो. तिथली युक्ती आमच्या आज्जीच्या कनवटीला, भारीच की!

गावात कुंपणाला, गोठ्याच्या तुळईला जुने रूळ लावलेले दिसतात. रुळाची बाजू ओल्या फडक्यानं पुसून खडू आडवा घासा, उठावाची अक्षरं दिसायला लागतात, कारखान्याचं नाव, साल, कधी वजनाचा आकडा. पण साल रूळ बनल्याचं, लाईन टाकल्याचं नव्हे, ते लक्षात ठेवा.

लाईनवर मात्र उतरू नका, वर वीज आहे आणि तो गुन्हा पण आहे. फलाटावर फोटो काढायचे तर स्टेशनमास्तरला आधी विचारून घ्या.

सगळं झालं की मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, ज्यांनी सांगितलं त्यांना आधी वाचून दाखवा, भावकीतली भांडणं आली असतील ती काढून टाका, आणि एक कॉपी शाळेत, एक पंचायतीच्या वाचनालयात ठेवा.