चेक इंजिनचा दिवा लागला? पार्ट बदलण्याआधी एवढं करून बघा

दोन वर्षांपूर्वी जुलैत घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तासभर अडकलो होतो. पाऊस, पुढे कंटेनरची रांग, आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. 'ऑक्सिजन सेन्सर गेला' असं सांगून नवा बसवला आणि कोड पुसला. चौथ्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला दिवा पुन्हा हजर. सेन्सर मुळात चांगला होता. इंजिनात जास्तीची हवा येतेय हे तो खरंच सांगत होता. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

कोड म्हणजे तक्रार कुठून आली त्याचा पत्ता, कुठला पार्ट खराब आहे त्याचं नाव नव्हे. एवढं लक्षात ठेवून पुढची पावलं क्रमाने टाकली तर निम्म्या वेळा तरी पार्टच्या दुकानात जायची गरज पडत नाही.

आधी दिवा नीट बघा

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरी जाऊन सावकाश बघता येतं. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटल्याने गचके खात असेल, तर रेस कमी करा, बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो आतून वितळतो. कॉइल आणि प्लगवर भागणारं काम मग कन्व्हर्टरवर जातं. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा सोबत लागला तर हा लेख बाजूला ठेवा, इंजिन बंद करा आणि टोचन मागवा.

गाडी पाण्यात बंद पडली असेल तर चावी पुन्हा मारूच नका. आत पाणी शिरलेलं असताना स्टार्टर फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, त्यावर कुठलाही स्कॅनर इलाज करत नाही.

कोड वाचा, पण पुसू नका

एप्रिल २०१३ नंतरच्या भारत स्टेज ४ गाड्या आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या सगळ्या भारत स्टेज ६ गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, स्कॅनर जोडायची जागा ती. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतो. चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा, मोबाइलला जोडा.

कोड कागदावर लिहा. त्याच्यासोबत 'फ्रीझ फ्रेम' असते, तीही लिहून घ्या: दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम, तापमान, वेग, लोड किती होता याची ती नोंद. माझ्या गाडीत दिवा दुसऱ्यांदा लागला तेव्हा तिच्यात वेग शून्य आणि आरपीएम ७५० होते. म्हणजे भानगड उभ्या गाडीत, आयडलिंगला होती. पण पहिल्या वेळची नोंद गॅरेजवाल्याने न बघताच पुसली होती. पुसला की नोंदही जाते, म्हणून स्कॅनर लावणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकदम मेले असं समजू नका. त्यांना मिळून जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा किंवा त्यांची अर्थिंग एकच असते. कधी एक शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. चावी बंद करून एकेक कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरीचा प्लास्टिकचा जोड, काढायचा, पुन्हा ऑन करून ५ व्होल्ट कधी परत येतात ते बघायचं. ज्याचा कपलर काढल्यावर परत आले तो तुमचा माणूस.

बॅटरी आणि अर्थिंग

इथे घाई करू नका, माझ्या मते सर्वात जास्त वेळ इथेच घालवण्यासारखा आहे. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज नीट मिळालं नाही की तो भलतंसलतं बोलतो. एक डिजिटल मल्टिमीटर घ्या. जुने वायरमन बल्बचा टेस्ट लॅम्प वापरतात, तो ईसीएमच्या वायरींना लावू देऊ नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीएमच्या आतलं सर्किट उडू शकतं.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. काही नव्या गाड्या मायलेजसाठी अल्टरनेटरचं चार्जिंग मुद्दाम कमी करतात, तेव्हा थोडं कमी दिसलं तर लगेच अल्टरनेटर उघडायला सांगू नका.

आता अर्थिंग. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. ०.२ च्या वर गेला की अर्थिंगचा पट्टा किंवा त्याचा बोल्ट गंजलाय. ठाणे आणि नवी मुंबईची अर्धी पार्किंगं खाडीकडे तोंड करून आहेत, खारी हवा आणि चार महिने पाऊस. बोल्टखाली हिरवा-पांढरा थर जमतो आणि वरून काहीच दिसत नाही. बॅटरीची मायनस तार आधी काढा, बोल्ट खोला, सॅंडपेपरने घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. पण बॅटरी काढण्याआधी कोड लिहून झालेत ना, ते बघा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'अल्टरनेटर चेक' करणाऱ्याच्या हातात बॉनेट देऊ नका. त्या झटक्याने ईसीएमच जाऊ शकतो.

वायरी आणि कपलर

चावी बंद करून दोन-चार मिनिटं थांबा, मगच कपलर काढा. लॉक दाबून ओढायचा, वायर धरून नाही. आत हिरवी बुरशी, वाकलेली पिन, ओल, तेल बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात नको.

पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी टांगणारे शेजारी आमच्याकडेही आहेत. उंदीर तिच्यावरच बसलेला एकदा पाहिलाय. कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळली तर दोन महिन्यांत तिथेच गंज धरतो. सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवून घ्या. क्रँक सेन्सरसारख्या ठिकाणी दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या असतात, तो पीळ तसाच ठेवायला सांगा. बाहेरचा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून तो असतो.

चालू आकडे वाचायला शिका

स्कॅनरच्या 'लाइव्ह डेटा'त शे-दीडशे ओळी असतात. चार पुरेत.

पहिली, तापमान. सकाळी इंजिन न सुरू करता बघा. इंजिनाच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं, ठाण्यात पावसाळी सकाळी २६-२८ च्या आसपास. पाण्याचं उणे ४० दिसलं तर ठाण्यात बर्फ पडलेला नाही. वायर तुटलीय किंवा कपलर निघालाय. एकदम कमाल आकड्याला चिकटलं तर वायर शॉर्ट आहे.

दुसरी, मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतला दाब मोजणारा. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो. आपण ठाण्यात समुद्राच्या पातळीवर, त्यामुळे १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. गरम इंजिन आयडलिंगला आलं की साधारण २५ ते ४० वर उतरतो. सेन्सर नीट आहे की नाही हे एका मिनिटात, फुकट कळतं.

तिसरी, पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर. जुन्या पद्धतीचा असेल तर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचतो. झटकन रेस दिली की क्षणभर वर जायला हवा. जात असेल तर तो जिवंत आहे.

चौथी आणि सगळ्यात बोलकी म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीएम हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी टाकतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (मुरलेला) मिळून अधिक-उणे १० च्या आत असलं तर चिंता नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेत थोडं जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या गाडीत अधिक ४-५ दिसणं साहजिक आहे.

माझ्या गाडीत आयडलिंगला अधिक २२ होतं. २,५०० आरपीएमवर धरलं की अधिक ६. वागळे इस्टेटमधल्या ज्या वायरमनकडे शेवटी गेलो, त्याने हे दोनच आकडे बघितले आणि विचारलं, "ब्रीदरचा पाइप बघितला का कुणी?" ब्रीदर म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ हवेच्या वाटेत परत सोडणारा पाइप. विचारण्याचं कारण असं: थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, पुढे एखादी भेग असेल तर आयडलिंगला इंजिन तिथून जोराने हवा ओढतं, आणि एकूण हवाच थोडी असल्याने ती चोरटी हवा फार जाणवते. रेस वाढवली की मुख्य वाटेने भरपूर हवा येते, भेगेतली किरकोळ ठरते. उलट ट्रिम आयडलिंगला ठीक आणि रेसला, चढाला वाढत असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडे बघायचं.

हे गणित मॅफ सेन्सरच्या, म्हणजे फिल्टरजवळ हवा मोजणाऱ्या गाड्यांचं आहे, माझी तशी आहे. फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत ती चोरटी हवाही मोजली जाते, त्यामुळे तिथे ट्रिमपेक्षा आयडलिंग चढलेलं दिसतं. त्याच भेगेची लक्षणं दोन गाड्यांत वेगळी.

हवेची गळती शोधणं

हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं पाइपांच्या जोडांवरून फिरवा. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नळी नेऊ नका. ओढणी, सैल बाही आवरून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हे काम बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून करू नका, धुराने माणूस मरतो. पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर शिंपडून शोधणारे आहेत, गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे. नळीने सापडलं नाही तर स्मोक मशिन (पाइपात धूर सोडून गळती दाखवणारं) असलेल्या गॅरेजमध्ये जा.

आमचा ब्रीदर पाइप वरून धडधाकट होता. वायरमनने तो काढून वाकवला, तेव्हा खालच्या वळणाला नखाएवढी चीर उघडली. तेलाने रबर फुगून मऊ झालं होतं. नवा पाइप चारशेच्या आत मिळाला.

मिसिंगचं काम

पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरला. समजा पी०३०२ आला. इंजिन गार झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, एक फेरी मारा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड दोनवरच राहिला तर हेच प्लगच्या बाबतीत करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर, त्याची वायर, मग कॉम्प्रेशन. प्लगचा गॅप मॅन्युअलमध्ये बघूनच ठेवा.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट जास्त करायची. मिसिंग पेट्रोलवर आहे की सीएनजीवर, दोन्ही चालवून बघा. सीएनजीत ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर वर्षभर न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चिकटलेले असू शकतात.

थ्रॉटल बॉडी

आयडलिंग खालीवर होत असेल तर साफ करा. चावी बंद, फडक्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर घेऊन काजळी पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने उघडायची नाही, ती अचानक मिटते. साफ केल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, त्याची पद्धत गाडीप्रमाणे बदलते. बऱ्याच गाड्यांत ते स्कॅनरवरून होतं.

डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल लाइन घरी उघडू नका, तिथे शंभर बारच्या वर दाब असतो. आणि ईसीएम हा शेवटचा संशयित. पॉवर, अर्थिंग, वायरिंग तपासल्याशिवाय 'ईसीएम गेला' म्हणणाऱ्याला आकडे दाखवायला सांगा. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा आणून लावला तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखणारं चोरीविरोधी कुलूप, जुळत नाही आणि गाडी सुरूच होत नाही.

दुरुस्ती झाल्यावर

आता कोड पुसा. पुसल्यावर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे मॉनिटर, कोऱ्या होतात. स्कॅनरमध्ये ते 'अपूर्ण' दिसतात. ते पूर्ण झाल्याशिवाय दिवा विझलाय याला अर्थ नाही. सकाळी गार इंजिनावर निघा, तीन हात नाक्याच्या गर्दीतून थांबत थांबत जा, मग माजिवड्याहून नाशिक रस्त्याला पडघ्यापर्यंत एकसारख्या वेगाने. दोन-चार दिवस असं केलं की बहुतेक मॉनिटर पूर्ण होतात. मग ट्रिम पुन्हा बघा.

माझा ट्रिम आयडलिंगला अधिक ३ वर आला. त्यानंतर एका रविवारी काढून टाकलेला जुना ऑक्सिजन सेन्सर डिकीतून शोधला आणि परत बसवला. ट्रिम अधिक ३. तोच अजून गाडीत आहे, नवा डिकीत पडलाय.