पोटगी भरताय? रिटर्न भरताना या चुका टाळा

जुलै लागला की नागपुरात आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसात 'पोटगी उत्पन्नातून वजा होते का?' हा प्रश्न घेऊन कोणीतरी येतंच. मागच्या हंगामात एक जण प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), कोर्टाचा आदेश आणि पासबुक घेऊन आले. पासबुकात दर महिन्याच्या पोटगीच्या ३०,००० रुपयांभोवती लाल पेनाने गोल केलेले. "सर, मर्जीनं थोडीच देतो? कोर्टाची ऑर्डर आहे. काहीतरी तं वजा होईल न?"

नाही होत, भाऊ.

त्यांची चिडचिड मला समजत होती. महिना १,२०,००० पगार, म्हणजे वर्षाला १४,४०,०००. स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० गेले की उरतात १३,६५,०००. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत त्यावर सेससकट ८८,१४० रुपये कर बसतो. पोटगीचे ३,६०,००० वजा झाले असते, तर उत्पन्न १२ लाखांच्या आत येऊन कर शून्य झाला असता. मोह होतो तो इथेच.

कोर्टाचा आदेश म्हणजे वजावट, हा समज

त्यांनी केला तोच युक्तिवाद सितलदास तीरथदास खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६० मध्ये निकाल लागला: पैसा आधी तुमच्या हातात येतो, मग तुम्ही जबाबदारी म्हणून तो देता. म्हणजे तो तुमच्या उत्पन्नाचा खर्च झाला. १९३३ च्या दुधुरिया प्रकरणात सावत्र आईच्या पोटगीचा बोजा मिळकतीवरच चढवलेला होता, त्यामुळे तेवढं उत्पन्न मुलाचं धरलं गेलं नाही. पगाराला ही वाट लागू होत नाही. कंपनी पगारातूनच पोटगी कापत असली तरी फॉर्म १६ वर पूर्ण पगारच दिसणार. त्यावरून अकाउंट्सवाल्यांशी भांडू नका, त्यांचं बरोबर आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. पोटगीची वजावट मात्र त्यातही नाही.

"तिकडे मिळते म्हणे"

व्हॉट्सॲपवर फिरतं ते ब्रिटनचं. तिथे सवलत आहे खरी, पण दोघांपैकी एकाचा जन्म ६ एप्रिल १९३५ पूर्वीचा हवा. अमेरिकेत २०१८ नंतरच्या घटस्फोटांना ती बंदच झाली.

रक्कम दुसऱ्याच रकान्यात घुसवणं

पोटगी ८०सी (गुंतवणूक, फी वगैरेंची वजावट) किंवा ८०जी (देणग्यांची वजावट) मध्ये टाकून देणारे भेटतात. मुलांची ट्यूशन फी तुम्ही स्वतः शाळेत भरली असेल, तर जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंत ८०सी मध्ये चालते, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. पैसे पूर्वपत्नीच्या खात्यात टाकले आणि फी तिने भरली, तर ती पावती तुमच्या कामाची नाही. घटस्फोटानंतर तिच्या आरोग्य विम्याचा हप्ता ८०डी (आरोग्य विम्याची वजावट) मध्येही बसत नाही.

आधीच चुकीचा दावा केला असेल, तर नोटिशीची वाट न पाहता सुधारित रिटर्न भरा. उत्पन्न कमी दाखवल्यास बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंड. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के.

ती कर भरते, मग मला सूट का नाही?

या दोन गोष्टींचा संबंध नाही. दरमहा मिळणारी पोटगी तिचं उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम धरली जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तसं सांगितलंय. देणाऱ्याला दोन्हीत काहीच सुटत नाही. एकरकमीसाठी प्लॉट विकलात, तर त्याचा भांडवली नफाही तुमच्याच माथी.

सगळ्यात महागात पडणारी चूक

ही रिटर्नच्या कितीतरी आधी होते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात लोक सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा मोठा आकडा लिहून मोकळे होतात. कापला जाणारा कर वेगळा दाखवा, तीन वर्षांची रिटर्न जोडा. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीसाठी २५ टक्के योग्य मानले, तेही निव्वळ पगाराचे. रक्कम ठरून गेल्यावर पगार घटला, नोकरी गेली, तर आदेशात बदल मागता येतो. स्वतःच हप्ता कमी केलात तर थकबाकी चढते.

पिशवीतले कागद आवरता आवरता त्यांनी विचारलं, "मंग आयकर भवनात जाऊन काही फायदा नाही?" म्हटलं, सिव्हिल लाइन्सलाच जा, पण वकिलाला घेऊन कौटुंबिक न्यायालयात.