नोबडी डिडन्ट कम! फ्रेंचवाल्यांना इंग्लिश शिकवताय? मग या चुका टाळा

मी काही वर्षं फ्रेंच लोकांना ऑनलाइन इंग्लिश शिकवतेय आणि हे लोक हमखास कुठे गडबडतात तर समबडी, एनिबडी, नोबडी, नथिंग असल्या चिल्लर शब्दांवर, म्हणजे आपण शाळेत अनिश्चित सर्वनामं म्हणून पाठ केलेली मंडळी.

सगळ्यात कॉमन चूक डबल निगेटिव्हची. एकाने क्लासमध्ये टाइप केलं, आय डिडन्ट से नथिंग टु नोबडी. मला हसू आलं आणि मग लक्षात आलं की अरे, आपण तरी काय म्हणतो? मी कोणाला काहीच सांगितलं नाही. काहीच पण आहे आणि नाही पण आहे, तरी आपल्याला खटकत नाही. फ्रेंचमध्येही सेम, ज ने रिअँ दी आ पेर्सॉन. गंमत म्हणजे रिअँ हा मुळात लॅटिनमधल्या वस्तू या अर्थाच्या शब्दावरून आलाय आणि पेर्सॉन म्हणजे तर सरळ व्यक्ती, नकारासोबत राहून राहून दोघं नकारार्थी झाले. पण प्रमाण इंग्लिशमध्ये नकार एकदाच. एकतर आय डिडन्ट से एनिथिंग टु एनिवन, नाहीतर आय सेड नथिंग टु एनिवन, दोन्ही चालतात. वाक्याच्या सुरुवातीला नोबडी आलं की पुढे नॉट नको, नाहीतर नोबडी डिडन्ट कम याचा अर्थ शब्दशः घेतला तर सगळेच आले असा होतो! आणि हे टाळायला एनिबडी डिडन्ट कम पण करू नका, ते त्याहून वाईट, सरळ नोबडी केम म्हणा.

दुसरी चूक म्हणजे मध्येच ऑफ घुसवणं. फ्रेंचमध्ये केल्क शोज द बाँ, म्हणजे काहीतरी चांगलं, त्यातला तो द इंग्लिशमध्ये ऑफ होऊन येतो आणि समथिंग ऑफ गुड, नथिंग ऑफ न्यू तयार होतं. ऑफ काढा, विशेषण मागे तसंच ठेवा, समथिंग गुड, नथिंग न्यू. समवन एल्सचंही तसंच.

मग ते ऑं. हे पिटुकलं सर्वनाम फ्रेंचमध्ये आम्ही, लोक, कोणीतरी सगळ्यांचं काम करतं आणि डिक्शनरीत वन दिसलं की पोरं तेच चिकटवतात. एकीची सायकल चोरीला गेली तर ती म्हणाली वन हॅज स्टोलन माय बाइक. आता तुम्ही सायकल चोरीला गेली म्हणता तसं इंग्लिशमध्ये पण चोराला बाजूला ठेवता येतं, माय बाइक वॉज स्टोलन, किंवा समवन स्टोल माय बाइक. वन फार राजघराण्यातलं वाटतं हो, रोजच्या बोलण्यात वी, यू, पीपल किंवा दे वापरा.

एव्हरीवन टुक हिज बॅग म्हणायचं की हर बॅग यावर पण घोळ होतो, कारण फ्रेंचमध्ये सोँ की सा (दोन्हीचा अर्थ त्याची किंवा तिची) ते बॅगेच्या लिंगावरून ठरतं, बॅगवाल्याच्या नाही. देअर बॅग म्हणा, विषय संपला. बाकी किरकोळ म्हणजे ऑल व्हॉट आय वॉन्ट नाही, एव्हरीथिंग आय वॉन्ट, आणि ऑल द टू नाही, बोथ.

एका बाबतीत मात्र हे लोक आपल्या पुढे आहेत. सगळे याला त्यांच्याकडे तू ल मोंद, शब्दशः अख्खं जग, त्यामुळे नवखे लोक सहा जणांच्या मीटिंगला ऑल द वर्ल्ड इज हिअर म्हणतात ते सोडा, पण जग एकवचनी असल्यामुळे एव्हरीबडीपुढे इज त्यांना आपोआप येतं. आपलं डोकं सगळे आहेत वर चालतं ना. मागे मी घाईत चॅटमध्ये एव्हरीबडी आर रेडी? टाकलं आणि दोन सेकंदात त्या सायकलवालीचा रिप्लाय, इज, मॅडम.