गेमच्या लेव्हलमध्ये प्लेयर भरकटतोय? आधी सगळे लाइट बंद करा

प्लेयर वाट चुकतो म्हणून आपण बाण नि मार्कर ठोकत बसतो, त्यापेक्षा जपानमधल्या इबाराकीचं वास्तुविशारद तादाओ आंदोचं १९८९ चं चर्च बघा, अंधाऱ्या काँक्रीटच्या खोलीत समोरच्या भिंतीला क्रॉसच्या आकाराची नुसती फट, नजर दुसरीकडे जातच नाही.

१. सगळीकडे एकच करडं मटेरियल, टेक्स्चर नंतर.
२. सगळे लाइट ऑफ.
३. जिकडे न्यायचंय त्या भिंतीत बारीक फट पाडा आणि बाहेरून एकच डिरेक्शनल लाइट (उन्हासारखा एकाच दिशेने येणारा), तोही इतका तिरका की उजेडाचा पट्टा जमिनीवरून प्लेयरच्या पायापर्यंत यावा.

फक्त अनरीअल या गेम इंजिनमध्ये ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर इंजिनच अंधार उजळून टाकतं (माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली).