छाती भरणारं माणूस घरात असेल तर थंडीआधीची तयारी

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की धूळ उठते, तिच्या पाठोपाठ थंडी येते, आणि ज्यांच्या घरात कायम कफाचा त्रास असलेलं माणूस आहे त्यांची झोप उडते. आमच्या आईला तरुणपणी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण फुफ्फुसातल्या नळ्या रुंद आणि सैल होऊन राहिल्या. त्यांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. डॉक्टर याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांना, बिडी ओढणाऱ्यांना सीओपीडी होतो, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागतो. त्यांची तयारीही बरीचशी हीच. दिवाळीच्या आधी उरकून घ्या, नंतर वेळ मिळत नाही.

आधी स्पेसर घ्या. दम्याचा पंप (इन्हेलर) ज्याला जोडून ओढतात ते प्लास्टिकचं नळकांडं. गेल्या थंडीत आमच्याकडे वाफेची मशीन (नेब्युलायझर) होती, औषध होतं, पंपही होता. स्पेसर तेवढा राहिला. रात्री लाईट गेली, मशीन बंद. पंप आईच्या तोंडाशी धरला, पण धाप लागलेल्या माणसाला दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. औषध जिभेवर आणि घशात, छातीत काहीच नाही. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्राचंही तेच, त्याला जोराचा श्वास लागतो आणि तो तर नसतोच. स्पेसरमध्ये औषध थोडं थांबतं, माणूस आपल्या गतीने ओढतो. मशीन बंद पडली तर हाच आधार, आणि नीट वापरला तर तो मशीनपेक्षा फारसा कमी पडत नाही. किती वेळा दाबायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि भिंतीला चिकटवा. एका वेळी एकदाच दाबायचं, मग सावकाश श्वास, मग पुन्हा. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पण आतून फडक्याने पुसू नका. पुसल्यावर औषध प्लास्टिकलाच चिकटतं. तसाच वाळू द्या. मास्क लावायचा असेल तर तो आधी घालून बघा, ऐन रात्री नको.

मशीनचं तोंड आणि नळी धुऊन वाळवणं सगळ्यांना माहीत आहे, करत मात्र कोणी नाही. करा. घरी ऑक्सिजनची मशीन असेल तर इन्व्हर्टर ती किती तास ओढतो हे दिवसा चालवून बघा, आणि जोडीला भरलेला सिलिंडर ठेवा.

धूर. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापतं, तुराट्या-पऱ्हाट्या घालून, आणि तो धूर सरळ आजाऱ्याच्या खोलीत शिरतो. चूल हलवा, नाहीतर माणसाची खोली हलवा. खळ्यावर मळणी यंत्र चालू असेल त्या दिवशी त्यांना शेतात नेऊ नका. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात जायचा हट्ट होईल, तेव्हा जाऊ द्या, पण तोंडाला रुमाल आणि खिशात पंप. स्पेसर बरोबर, हे पुन्हा सांगतो. डासांची अगरबत्ती बंद.

आता कफ काढणं, कारण औषधं देऊनही लोक हेच टाळतात. सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी. आधी नळ्या मोकळ्या करणारं औषध, मग डॉक्टरांनी दिलं असेल तरच खारट सलाईनची वाफ. ती एकदम दिली तर नळ्या आवळतात, म्हणून क्रम मोडायचा नाही. मग ज्या बाजूला कफ साचतो ती बाजू वर येईल असं कुशीवर झोपवायचं, छाती हलकी होईपर्यंत थांबायचं. दीर्घ श्वास, क्षणभर थांबणं, आणि मग तोंड उघडून 'हा' असा जोराचा सुस्कारा, आरशावर वाफ धरायला सोडतो तसा. दोन-तीन सुस्कारे झाले की कफ वर सरकतो आणि एका खोकल्यात बेडका पडतो. उगाच खोकत बसलं की दम जातो, कफ तिथेच. पाठीवर थाप द्यायची तर तळहाताचा द्रोण करून, कपड्यावरून. कण्यावर आणि कंबरेपाशी नको. थुंकीत रक्त असेल तर काहीच करायचं नाही, दवाखाना. स्टिरॉइडचा पंप सगळ्यात शेवटी, आणि नंतर चूळ.

बेडक्याचा रंग आणि प्रमाण रोज बघा. पांढऱ्याचा हिरवा झाला, वाढला, घट्ट झाला, की दोन दिवस वाट बघत बसू नका. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी तपासणीला नमुना द्या. जुना टीबी असेल तर सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीचंही विचारा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. खोकला दाबणारं सिरप आणि झोपेची गोळी मेडिकलवाल्याच्या सांगण्याने देऊ नका, कफ आतच राहतो.

दूध बंद करू नका. दुधाने कफ वाढतो असं घरोघर म्हणतात. घशाला चिकट वाटतं एवढंच. या आजारात माणूस झिजतो, त्याला खायला हवं. कोमट पाणी भरपूर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची विचारून. दवाखान्याची पिशवी आधीच भरा: जुने एक्स-रे, सीटी, औषधांची यादी, आधार, आयुष्मान कार्ड, पंप, स्पेसर. स्पेसर घरी ठेवून पंप घेऊन निघालात तर अर्धंच औषध घेऊन निघालात. 108 ला गावात यायचा रस्ता कसा सांगायचा हे घरातल्या पोरालाही शिकवून ठेवा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड की संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, कुठे जायचं हे आधीच ठरवा.

बोटाचा ऑक्सिमीटर: नखाला रंग नको, हात गार नको. सीओपीडीत बऱ्याच जणांसाठी ऑक्सिजन 88 ते 92 टक्के ठेवायला सांगतात. आपला आकडा विचारून घ्या आणि ऑक्सिजन मनाने वाढवू नका. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे, सकाळी डोकं ठणकतं, असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं की निघा. आकडा बरा दिसत असला आणि माणूस गुंगीत असेल तरीही निघा.