वणव्याआधीची तयारी भिंतीपासून करा

डोंगरातली घरं बऱ्याचदा ज्वाळा पोचण्याआधीच ठिणग्यांनी पेटतात. वाऱ्यावर त्या किलोमीटरभर लांबूनही येतात आणि पन्हाळीतल्या वाळक्या पानांत नाहीतर छपराच्या फटीत बसून धुमसत राहतात. म्हणून कामाला भिंतीपासून लागा आणि तिथून जंगलाकडे सरका.

भिंतीलगत दीड मीटर खडी किंवा फरशी हवी. पायपुसणं, खराटा, कुंडीतलं वाळकं झुडूपही तिथे नको. झरोक्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावा. प्लास्टिकची जाळी वितळते. सरपण घरापासून नऊ मीटर दूर रचा, पण घराच्या खालच्या अंगाला नको. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून सुकवतात. सपाटीवर घराभोवती तीस मीटरपर्यंत झाडं-झुडपं विरळ केली तर भागतं. तीव्र उतारावर खालच्या बाजूला त्याच्या दुप्पट धरा.

जमिनीवरची आग आवरता येते, शेंड्यात चढलेली नाही. झाडांच्या खालच्या फांद्या दोन मीटरपर्यंत छाटा, लहान झाडाच्या मात्र खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच छाटा. झाडाखाली मीटरभर झुडूप ठेवायचं तर त्याच्या टोकावर तीन मीटर मोकळी जागा लागते. एवढी जागा क्वचितच मिळते, तेव्हा झुडूपच काढलेलं बरं. जाड सालीची जुनी झाडं मात्र तोडू नका, आग सोसून तीच उभी राहतात. आणि छाटलेलं तिथेच टाकून जाऊ नका! एवढ्या एका चुकीने सगळी मेहनत वाया जाते: उभ्या फांदीत ओल असते, पडलेली फांदी काही आठवड्यांत वाळून खडखडीत होते.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला जमिनीचा पट्टा, शक्यतो डोंगरधारेवर घ्या, कारण माथ्यावर आगीचा जोर कमी होतो. गवत कापून थांबू नका, मुळं आणि कुजका पाला खरवडून निव्वळ माती उघडी करा. रुंदी शेजारच्या गवता-झुडपाच्या उंचीच्या किमान दीडपट ठेवा, उतारावर त्याहून जास्त. उतारावर आडवी रेषा घ्यावीच लागली तर चर खणून माती खालच्या काठाला बांधासारखी चढवा, म्हणजे वरून घरंगळत आलेला पेटता ओंडका चरात अडकेल. पानगळीआधी झाडलेली रेषा पानगळीनंतर पुन्हा झाडावी लागते. वीतभर पाल्याचा पट्टा आडवा पडला की तेवढ्यावरूनही आग पलीकडे जाते.

गावातून निघायच्या वाटा दोन हव्यात. म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, हेही आधीच नावानिशी ठरवा.

आग विझल्यावर रेषेलगतची राख उकरा आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासा. बुंध्यांची मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसतात. ऊब लागली तर पाणी ओतून माती कालवा आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा तपासा.